सूत्राच्या आधीचे भौतिकशास्त्र

संकल्पनात्मक भौतिकशास्त्र म्हणजे गणित काढून टाकलेले भौतिकशास्त्र, असा समज करून घेऊन दरवर्षी कला आणि वाणिज्य शाखेची बरीच मुले माझ्या वर्गात येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 लागू झाल्यापासून पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या शाखेबाहेरचाही विषय घ्यावा लागतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या किनाऱ्यालगतच्या लहानशा महाविद्यालयात निवडीला फारसा वाव नसल्यामुळे, अकाउंट्स किंवा मराठी वाङ्मय शिकणारी मुले न्यूटनच्या नियमांसमोर येऊन बसतात. दहावीनंतर विज्ञानाशी आपला संबंध संपला, असे त्यांनी धरलेले असते. त्यांतली काही जण पहिल्याच तासाला खात्री करून घेतात, "मॅडम, यात गणितं नाहीत ना?" आकडेमोड फारशी नाही, एवढेच मी सांगते. ते खरे आहे, पण त्यातून मुले जो दिलासा घेतात तो काही आठवडेच टिकतो.

मी बी.एस्सी.च्या वर्गांनाही शिकवत असल्यामुळे दोन्हीकडची अडचण मला जवळून दिसते. आकडेमोडीच्या भौतिकशास्त्रात एक सोय असते. प्रश्नात दिलेल्या राशी ओळखल्या, त्या ज्या सूत्रात बसतात ते सूत्र आठवले, किमती घातल्या आणि शेवटी एकक लिहिले की गुण मिळतात, मग ती वस्तू नेमकी का हलते आहे हे कळलेले असो वा नसो. ही सोय काढून घेतली की उरतो तो केवळ 'का', आणि त्याचे उत्तर पूर्ण वाक्यांत, कारणाला कारण जोडत, स्वतःच्या भाषेत द्यावे लागते. बारावीपर्यंत 'सूत्र लिहा, किमती घाला' एवढ्यावर निभावलेल्या हुशार मुलांची इथे जी तारांबळ उडते, ती पाहिल्यापासून माझे असे मत झाले आहे की हा अभ्यासक्रम खरे तर बी.एस्सी.च्या मुलांनाच सक्तीचा करायला हवा.

हे केवळ आमच्याकडचे निरीक्षण नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात बल आणि गती यांविषयीचे अगदी साधे, आकडेमोड न लागणारे प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्नाचे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या समजुतींवरूनच घेतलेले आहेत. हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक एरिक मझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की उत्तरे तुम्ही शिकवलेत त्याप्रमाणे लिहायची की मला प्रत्यक्ष वाटते त्याप्रमाणे. भौतिकशास्त्राच्या अध्यापनातली सगळी मेख त्या एका प्रश्नात आहे. पुढे मझूर यांनी जी पद्धत रूढ केली, म्हणजे प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा मत द्यायचे, तीच मी माझ्या वर्गात वापरते. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. अ, ब, क, ड लिहिलेले चार कागदी चौकोन प्रत्येकाच्या वहीत असले की पुरते.

पहिला मोठा वाद नेहमी फेरीबोटीवरून होतो. जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे या फेरीबोटीने खाडी ओलांडलेली नाही असे मूल आमच्या वर्गात सहसा सापडत नाही, म्हणून प्रश्न तिच्यावरच काढलेला आहे. बोट खाडीच्या मधोमध, सरळ रेषेत, एकाच वेगाने चालली आहे आणि तिच्यावर चढवलेल्या, काचा बंद केलेल्या गाडीत बसलेल्या मुलीने एक नाणे सरळ वर उडवले. ते तिच्या हातात पडेल, पुढे पडेल की मागे? बरेच चौकोन 'मागे' या उत्तराचे वर होतात, आणि कारण विचारले की उत्तर तयार असते: नाणे हवेत असताना बोट पुढे निघून जाते. मग कोणीतरी आठवण करून देतो की एसटीत आपण शेंगदाणे वर उडवून तोंडात झेलतो तेव्हा ते मागच्या बाकावर जाऊन पडत नाहीत, आणि वर्ग दुफळी झाल्यासारखा वागू लागतो. नाणे उडवण्यापूर्वीच बोटीच्या वेगाने पुढे चाललेले असते आणि हातातून सुटल्यावर तो वेग काढून घेणारे काहीही त्याला भेटत नाही, म्हणून ते हातातच पडते, इथवर मुले शेवटी एकमेकांशी भांडतच येतात. गॅलिलिओने 1632 साली चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेल्या दगडाचा प्रश्न चर्चेला घेतला होता, तो हाच.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात आहे. बोटीचा पंखा पाणी मागे लोटतो आणि पाणी बोटीला पुढे ढकलते. त्याच वेळी बोटीच्या तळावर घासणारे पाणी आणि समोरची हवा तिला मागे रेटत असतात. बोट एकाच वेगाने चालली असताना या दोन बलांपैकी मोठे कोणते? इथे जवळजवळ सगळा वर्ग एकदिलाने पुढे ढकलणाऱ्या बलाच्या बाजूने उभा राहतो. दोन्ही बले समान आहेत, हे उत्तर कोणालाच नको असते. "मॅडम, समान असतील तर ती पुढे का जाते?" असा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच, आणि मला तो अतिशय आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने नकळत ॲरिस्टॉटलची बाजू घेतलेली असते. चालत राहण्यासाठी काहीतरी सतत ढकलत असले पाहिजे, हे मत साधारण दोन हजार वर्षे जगातल्या उत्तमोत्तम बुद्धीच्या माणसांनी बाळगले, तेव्हा वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातल्या मुलाने ते बाळगले यात कमीपणा काही नाही.

अशा वेळी मी सिद्धान्त सांगत नाही, धक्क्यापासून सुरुवात करायला सांगते. बोट सुटते तेव्हा तिचा वेग शून्य असतो, त्यामुळे पाण्याचा रोधही नसतो. इंजिनाचे बल एकटेच असते आणि म्हणून वेग वाढू लागतो. वेग वाढतो तसा रोध वाढतो. ज्या क्षणी रोध इंजिनाच्या बलाएवढा होतो, त्या क्षणी वेग वाढायचा थांबतो, पण बोट थांबत नाही, कारण थांबवण्यासाठी रोध अधिक व्हावा लागेल. पलीकडचा धक्का जवळ आला की चालक इंजिन मंद करतो. आता रोध एकटा वरचढ ठरतो आणि वेग कमी होत जातो, तरीही बोट बरेच अंतर आपली आपण कापते आणि खलाशी दोरखंड हातात घेऊन वाट पाहत उभा असतो. ही सगळी प्रक्रिया प्रत्येकाने पाहिलेली असते. बल वेगासाठी लागत नाही, वेगातल्या बदलासाठी लागते, हे वाक्य त्यानंतरच फळ्यावर लिहावे. आधी लिहिले तर ते पाठ होते आणि तिथेच संपते.

या अभ्यासक्रमातला माझा सर्वांत आवडता भाग भरती-ओहोटीचा आहे, आणि तो मी मुद्दाम गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणाच्या शेवटी ठेवते, कारण तिथवर मुलांना आपल्याला सगळे समजले असे वाटू लागलेले असते. अंतर दुप्पट झाले तर आकर्षण एक-चतुर्थांश होते, हा व्यस्त वर्गाचा नियम त्यांनी तोपर्यंत वापरलेला असतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या साधारण 60 त्रिज्यांवर आहे, म्हणून तिथे पृथ्वीचे आकर्षण 60 गुणिले 60, म्हणजे 3600 पटींनी कमी; झाडावरून सुटलेला आंबा पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर खाली येतो, तर चंद्र एका सेकंदात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे सुमारे 1.4 मिलिमीटर 'पडतो', हा न्यूटनचा हिशेबही त्यांनी करून पाहिलेला असतो. गणित नाही म्हणून आलेल्या मुलांनी हे गुणाकार-भागाकार विनातक्रार केलेले असतात, हे मी त्यांच्या लक्षात आणून देत नाही.

भरतीविषयीची माहिती आमच्या मुलांना शिकवावी लागत नाही. मच्छीमारांच्या घरांतली मुले तर मला शिकवतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार बेताचा असतो तो भांग. भरतीच्या वेळेचा जुना हिशेबही त्यांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करावी. पंचमीला पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, आणि दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. पंचांग भिंतीवर आणि हिशेब तोंडी, एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या होड्या पाण्यात गेल्या.

मी फक्त विचारते, पाऊणपटच का? एका चांद्रमासात 30 तिथी असतात, आणि तेवढ्या काळात सूर्याच्या संदर्भात चंद्राची एक पूर्ण फेरी होते. म्हणजे चंद्र डोक्यावर येण्याची वेळ 30 तिथींत पुरे 24 तास पुढे सरकते. 24 तासांना 30 ने भागले की एका तिथीला 48 मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे. दर तिथीला तीन मिनिटांची तूट पडत पडत पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तासाची होते, म्हणून जुना हिशेब सव्वाअकरा सांगतो तिथे 48 मिनिटांचा हिशेब बारा सांगतो. प्रत्येक बंदराची स्वतःची अशी मागे-पुढे वेळ असते ती वेगळीच. पण चार-पंचमांश तोंडी काढण्यापेक्षा पाऊणपट काढणे कितीतरी सोपे, आणि होडी ढकलण्यासाठी तेवढा काटेकोरपणा लागतही नाही. कोणत्याही सूत्राकडे असे पाहायला शिकणे, म्हणजे ते कुठून आले, किती अचूक आहे आणि कशासाठी पुरेसे आहे हे विचारणे, हा माझ्या मते या अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

त्यानंतर मुख्य प्रश्न. भरती का येते? चंद्र पाणी खेचतो म्हणून, हे उत्तर सगळ्यांना शाळेपासून येते. मग चंद्राच्या बाजूला पाणी चढावे आणि दिवसातून एकच भरती यावी. दोन का येतात? चंद्र पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडे असतानाही आपल्याकडे समुद्र का भरतो? पृथ्वी फिरते म्हणून, असे एक उत्तर येते, पण ते फुगवटा एकच असेल तर दुसरी भरती देत नाही. एकदा एका मुलाने सांगितले की एक भरती चंद्राची आणि दुसरी सूर्याची असावी. उत्तर चुकीचे असले तरी अतिशय चांगले होते, कारण ते तपासता येत होते. दुसरी भरती सूर्याची असती तर ती रोज घड्याळाच्या त्याच वेळेला आली असती. मागच्या बाकावरच्या, वडिलांबरोबर मासे पागायला जाणाऱ्या मुलीने ते तिथल्या तिथे खोडून काढले: दोन्ही भरत्या रोज पुढे सरकतात, आणि सारख्याच सरकतात. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता एक कल्पना मांडली गेली, तिच्यातून काय घडायला हवे ते ठरले आणि निरीक्षणाने ती बाद झाली. विज्ञानाची पद्धत या नावाचा जो धडा पुस्तकाच्या सुरुवातीला असतो, तो मी त्या वर्षापासून शिकवणे सोडून दिले.

उत्तर असे की भरती चंद्राच्या आकर्षणामुळे नव्हे, तर त्या आकर्षणातल्या फरकामुळे येते. चंद्राच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा एका त्रिज्येने, म्हणजे एक-साठांश अंतराने चंद्राला जवळ असते, म्हणून त्याच्यावरचे आकर्षण केंद्रावरच्या आकर्षणापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी जास्त असते. पलीकडच्या बाजूचे पाणी तेवढेच दूर असते, म्हणून त्याच्यावरचे आकर्षण सुमारे तीन टक्क्यांनी कमी असते. सगळी पृथ्वी चंद्राकडे ओढली जाते आहे. अलीकडचे पाणी तिच्यापेक्षा थोडे अधिक ओढले जाते आणि पलीकडचे थोडे कमी, म्हणजे पृथ्वीच्या मानाने ते मागे राहते. त्यामुळे फुगवटा दोन्ही बाजूंना येतो.

हे समजले आहे की नुसते ऐकले आहे, याची कसोटी सूर्याच्या प्रश्नावर लागते. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे 2 कोटी 70 लाख पट आहे आणि त्याचे अंतर चंद्राच्या सुमारे 390 पट. 390 ने दोनदा भागले तर सूर्याचे पृथ्वीवरचे आकर्षण चंद्राच्या जवळजवळ 180 पट निघते. मग समुद्राने सूर्याचे न ऐकता चंद्राचे का ऐकावे? आकर्षणातला फरक अंतराच्या वर्गाने नव्हे, घनाने कमी होतो, म्हणून 390 ने आणखी एकदा भागायचे. उत्तर येते 0.46 च्या आसपास. सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही थोडी कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही एका रेषेत येऊन त्यांची बेरीज होते ते उधाण, आणि अष्टमीला काटकोनात येऊन वजाबाकी होते तो भांग. हा भागाकार फळ्यावर पुरा होतो तेव्हा वर्गातला एखादा तरी विद्यार्थी वहीत तो पुन्हा स्वतः करून पाहतो, आणि तेवढ्यासाठी मला हे प्रकरण दोन तास जास्त चालवावे लागले तरी चालते.

इथेच थांबले तर मात्र शिकवण्यात खोट राहते. चंद्राचे हे भरतीचे बल पृथ्वीच्या गुरुत्वाच्या तुलनेत एक कोटीव्या भागाएवढे क्षीण आहे, त्यामुळे चंद्र पाणी सरळ वर उचलतो हे चित्र बरोबर नाही. समुद्राच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर ते बल पाण्याला आडवे सरकवत दोन्ही बाजूंना गोळा करते. शिवाय पुस्तकातले दोन फुगवट्यांचे चित्र सगळी पृथ्वी पाण्याने झाकलेली आहे असे धरून काढलेले असते. प्रत्यक्षात मध्ये खंड आहेत, समुद्राची खोली सगळीकडे वेगळी आहे आणि आखातांचे आकार वेगवेगळे आहेत. म्हणून त्याच चंद्राखाली खंभातच्या आखातात पाणी प्रचंड चढते, मुंबईला त्याहून कमी आणि रत्नागिरीला आणखी कमी, आणि सर्वांत मोठे उधाणही नेमके पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येते. पुस्तकातले चित्र कारण सांगते, भरतीची वेळ सांगत नाही; ती कोष्टकातूनच पाहावी लागते. हे न सांगितल्यास किनाऱ्यावरची मुले पुस्तकावरचा विश्वास गमावतात, आणि त्यात चूक मुलांची नसते.

उष्णतेच्या प्रकरणात माठ पुरेसा आहे. विदर्भातून बदली होऊन आलेल्या कुटुंबांची कोकणाविषयी एक तक्रार असते की इथे माठातले पाणी म्हणावे तसे गार होत नाही, आणि दोष कुंभाराला दिला जातो. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी बाहेरच्या बाजूने वाफ होऊन जाते तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2400 ज्यूल उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवायला सुमारे 4200 ज्यूल काढावे लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरले, तर लिटरमागे 10 ग्रॅम पाणी उडून गेल्यास पाणी साडेपाच-सहा अंशांनी थंड व्हावे. पण ते उडून जाण्यासाठी हवेत जागा हवी. हवा 43 अंश तापलेली आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त सुमारे 25 अंशांपर्यंत उतरू शकते. हवा 34 अंशच असली पण आर्द्रता 70 टक्के असेल तर मात्र सुमारे 29 अंशांवर गाडी अडते. नऊ अंश अधिक उन्हाच्या गावात पाणी चार अंश अधिक गार, हे ऐकून वर्ग हसतो, पण मे महिन्यात अंगावरचा घाम का वाळत नाही याचे उत्तर त्याच आकड्यांत आहे हे त्यांना आपले आपण सुचते.

ध्वनी आणि प्रकाश ही प्रकरणे मी भरभर संपवते. प्रकाशात एकच गोष्ट रेंगाळून सांगते, कारण पश्चिमेला मोकळे क्षितिज असलेल्या माणसांना ती ठाऊक असायला हवी: वातावरणातून येताना किरण वाकतात, आणि क्षितिजाजवळ ते सुमारे 34 कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वाकतात, तर सूर्यबिंबाचा व्यास सुमारे 32 कला आहे, तेव्हा सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते त्या वेळी जवळजवळ सगळे बिंब प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेले असते. विजेच्या प्रकरणात दिव्यामध्ये प्रवाह 'खर्च' होतो ही समजूत काढण्यातच बराच वेळ जातो. दिव्यात शिरणारा आणि त्यातून निघणारा प्रवाह समान असतो, खर्च होते ती ऊर्जा, हे ॲमीटर दोन्ही बाजूंना जोडून दाखवल्याशिवाय कोणी मानत नाही. शेवटचे पुंज भौतिकाचे (क्वांटम फिजिक्सचे) प्रकरण अभ्यासक्रमातून काढावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कारण विचारायला जागाच राहत नाही, नुसती नवलकथा ऐकल्यासारखी मुले माना डोलावतात, आणि वर्षभर लावलेली सवय दोन आठवड्यांत मोडते.

या विषयाचा अभ्यास कसा करावा, असे मुले विचारतात तेव्हा मी त्यांना पुस्तक मिटून लिहायला सांगते. उताऱ्याखाली रेघा मारून वाचणे इथे उपयोगाचे नाही, कारण या विषयाची पुस्तके वाचताना फार सोपी वाटतात. वाक्य न वाक्य पटते आणि दुसऱ्या दिवशी तेच पान स्वतःच्या शब्दांत लिहायला घेतले की दुसऱ्या ओळीला अडते. जिथे अडते ती जागा नेमकी समजलेली नसते. प्रत्येक प्रश्नाला आकृती काढावी, आकृतीतल्या एकाच वस्तूभोवती गोल करावा आणि तिच्यावर बाहेरून कोण कोण बल लावते आहे तेवढेच बाण दाखवावेत. ज्या बाणाचा मालक सांगता येत नाही तो बाण खोडावा. माझ्या अनुभवात बलाविषयीच्या अर्ध्या चुका या मालक नसलेल्या बाणांच्या असतात. कोणाशी तरी मोठ्याने वाद घालणे हेही अभ्यासातच मोडते. वसतिगृहातल्या मुलींचे गुण बहुधा बरे येतात, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

परीक्षेचे गणित अजून जमलेले नाही. गेल्या सत्रात मी पाच गुणांचा एक जुना, प्रसिद्ध प्रश्न घातला होता: लहानशा तळ्यात तरंगणाऱ्या होडीतला मोठा दगड उचलून तळ्यात टाकला, तर तळ्याची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील, सकारण लिहा. दगड होडीत असताना स्वतःच्या वजनाएवढे पाणी बाजूला सारतो. तळाशी गेल्यावर फक्त स्वतःच्या आकारमानाएवढे. दगड पाण्याहून घन असल्यामुळे पहिले पाणी दुसऱ्यापेक्षा जास्त, म्हणून पातळी उतरते. एका विद्यार्थिनीने लिहिले की दगड काढल्यावर होडी वर उचलली जाईल त्यामुळे पातळी उतरेल, दगड पाण्यात गेल्यावर त्याच्या आकारमानामुळे पातळी चढेल, आणि दोन्ही परिणाम समान असल्याने पातळी तेवढीच राहील. उत्तर चुकले आहे, पण दोन्ही परिणाम तिने वेगळे ओळखले, त्यांची दिशा बरोबर सांगितली, आणि फक्त घनतेची तुलना करायची राहिली. शेजारच्या बाकावरच्या मुलाने "पातळी उतरेल, कारण आर्किमिडीजचे तत्त्व" एवढीच एक ओळ लिहिली. मी तिला तीन गुण दिले आणि त्याला एक. उत्तरपत्रिका पडताळणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे पडले की चुकीच्या उत्तराला बरोबर उत्तरापेक्षा जास्त गुण देता येत नाहीत, विद्यार्थी तक्रार करतील. आमची चर्चा बरीच लांबली. गुण मी बदललेले नाहीत, आणि पुढच्या सत्रापासून पर्यायाला एक व कारणांना चार गुण असे प्रश्नपत्रिकेवरच छापून द्यावे, असा प्रस्ताव मी विभागाकडे दिला आहे.